खांद्याचे दुखणे आणि रेमेडियल मसाज : एका सोनोग्राफरचा अनुभव

मी मेलबर्नमध्ये सोनोग्राफर म्हणून काम करते. भारतात सोनोग्राफी बहुधा डॉक्टर स्वतः करतात. ऑस्ट्रेलियात मात्र तपासणीचे प्रत्यक्ष काम प्रशिक्षित सोनोग्राफर करतो आणि त्या प्रतिमा पाहून रेडिऑलॉजिस्ट अहवाल देतात. त्यामुळे दिवसभर प्रोब, म्हणजे रुग्णाच्या अंगावर टेकवून प्रतिमा घेण्याचे यंत्राचे उपकरण, हातात धरून बसणे हाच आमचा व्यवसाय आहे. रुग्ण उजव्या बाजूच्या पलंगावर निजलेला, समोर यंत्राचा स्क्रीन, डावा हात कीबोर्डवर आणि उजवा हात खांद्यापासून बाजूला उचलून रुग्णाच्या पोटावर दाब देत स्थिर धरलेला, अशी आमची बैठक असते. गरोदरपणात १८ ते २२ आठवड्यांच्या दरम्यान होणारी सविस्तर तपासणी पाऊण तास चालते आणि बाळ पाठमोरे असेल तर त्याहूनही लांबते. या सगळ्या वेळात हात फारसा हलत नाही, पण खांद्याचे स्नायू सतत आवळलेले राहतात. असे धरून ठेवण्याचे काम हलत्या कामापेक्षा स्नायूंना अधिक थकवते, कारण आवळलेल्या स्नायूतून रक्त पुरेसे खेळत नाही. या व्यवसायातील बहुसंख्य लोकांना कधी ना कधी मान, खांदा किंवा मनगट यांचा त्रास होतो, हे वेगवेगळ्या देशांतील पाहण्यांतून वारंवार दिसून आले आहे. माझ्या बाबतीत तो त्रास उजव्या खांद्याला झाला.

सुरुवातीला दुखणे कामाच्या दिवसापुरतेच असे आणि शनिवार-रविवारी मावळे. पुढे ते रात्रीही राहू लागले. खांद्याच्या पुढच्या बाजूला, अगदी खोलवर, एक ठणका असे आणि तो कधी कधी दंडातून कोपरापर्यंत उतरे. मानेची उजवी बाजू आखडलेली असे आणि संध्याकाळपर्यंत त्याच बाजूची कानशील दुखू लागे. उजव्या कुशीवर झोपणे बंद झाले, पाठीमागे हात नेऊन कपड्याचा हूक लावता येईना आणि वाळत घालायचा ओला टॉवेल तारेपर्यंत उचलताना कळ येई. सांगलीहून आई फोनवर रोज सांगे, “अगं, तिळाचं तेल कोमट करून चोळ आणि शेक घे.” मी तसे करत असे. त्याने तासभर बरे वाटे आणि रात्रीची झोप थोडी सुधारे, त्यामुळे त्या उपायाला मी निरुपयोगी म्हणणार नाही. पण दुसऱ्या दिवशी दुसऱ्या-तिसऱ्या रुग्णापर्यंत खांदा पुन्हा तसाच होई.

मी प्रथम माझ्या नेहमीच्या डॉक्टरांकडे गेले, आणि हा क्रम मला आजही महत्त्वाचा वाटतो. खांदा दुखण्याची कारणे अनेक असतात: कंडरा (स्नायूला हाडाशी जोडणारी दोरी) फाटलेली असू शकते, सांध्याचे आवरण आखडलेले असू शकते, मानेतून निघणारी नस दबलेली असू शकते आणि क्वचित दुखण्याचे मूळ खांद्यात नसून हृदयात किंवा पित्ताशयातही असते. डॉक्टरांनी हाताची ताकद, बोटांतील संवेदना आणि मानेच्या हालचाली तपासल्या व खांद्याची सोनोग्राफी करायला सांगितले. ती माझ्याच एका सहकारी मैत्रिणीने केली. रोज दुसऱ्यांचे खांदे पाहणारी मी स्वतःच्या खांद्याकडे स्क्रीनवर पाहत होते. कंडरा शाबूत होत्या, सांध्याजवळची, घर्षण कमी करणारी द्रवाची पिशवी किंचित जाड झाली होती, एवढेच. दुखणे मुख्यतः स्नायूंचे आहे असे डॉक्टरांचे मत पडले आणि त्यांनी फिजिओथेरपिस्टकडे पाठवले. फिजिओथेरपिस्टने दिलेले व्यायाम योग्यच होते, परंतु रबरी पट्टा ओढून खांदा बाहेरच्या बाजूला फिरवण्याचा साधा व्यायामही मला वेदनेमुळे चार-पाच वेळांच्या पुढे जमेना. तेव्हा तिनेच सुचवले की काही आठवडे रेमेडियल मसाज, म्हणजे आधी तपासणी करून दुखऱ्या स्नायूंवर केला जाणारा उपचारात्मक मसाज, घेऊन स्नायू शांत करावेत आणि मग व्यायामाची मात्रा वाढवावी.

इथे ऑस्ट्रेलियातील व्यवस्थेविषयी थोडे सांगणे आवश्यक आहे. रेमेडियल मसाज हा इथे स्वतंत्र अभ्यासक्रम असून त्याची पदविका घ्यावी लागते. त्यात शरीररचना, हालचालींची तपासणी, कोणत्या आजारात मसाज करू नये आणि उपचाराची नोंद कशी ठेवावी हे शिकवले जाते. मात्र डॉक्टर किंवा फिजिओथेरपिस्ट यांच्याप्रमाणे मसाज थेरपिस्टची राष्ट्रीय नोंदणी होत नाही, म्हणून तो एखाद्या मान्यताप्राप्त व्यावसायिक संघटनेचा सदस्य आहे का, हे आपणच विचारून घ्यायचे असते. मेडिकेअर ही सरकारी आरोग्य विमा योजना या उपचाराचा खर्च देत नाही. खासगी आरोग्य विम्यात ‘एक्स्ट्राज’ (रुग्णालयाबाहेरच्या उपचारांसाठीचे जादा संरक्षण) घेतलेले असतील तर ठरावीक वार्षिक मर्यादेपर्यंत परतावा मिळतो, आणि तोही थेरपिस्टकडे विमा कंपनीने मान्य केलेला प्रोव्हायडर नंबर असेल तरच. एप्रिल २०१९ मध्ये योग, पिलाटीस, शियात्सू यांच्यासह १६ उपचारपद्धती खासगी विम्याच्या परताव्यातून वगळण्यात आल्या, तेव्हाही रेमेडियल मसाज परतावा मिळणाऱ्या उपचारांच्या यादीत कायम राहिला. तासाभराच्या उपचाराला साधारण शंभर डॉलरच्या आसपास खर्च येतो. विम्याचे कार्ड तिथल्या तिथे यंत्रावर फिरवले की परताव्याची रक्कम वजा होते आणि उरलेली आपण भरायची. खर्च लहान नाही, आणि नियमित उपचाराचा विचार करताना तो लक्षात घ्यावाच लागतो.

पहिल्या भेटीत मला सर्वाधिक समाधान कशाने वाटले असेल तर ते सुरुवातीच्या पंधरा-वीस मिनिटांनी, ज्यांत थेरपिस्टने मला मसाजासाठी हातही लावला नव्हता. तिने सविस्तर अर्ज भरून घेतला: रक्त पातळ करणारी औषधे चालू आहेत का, पूर्वी पायात रक्ताची गुठळी झाली होती का, गरोदरपणाची शक्यता, रक्तदाब, मधुमेह, त्वचेचे विकार, अलीकडची शस्त्रक्रिया. त्यानंतर कामाच्या वेळची बैठक तिने प्रत्यक्ष करून दाखवायला सांगितली. मी खुर्चीवर बसले, उजवा हात बाजूला लांबवला आणि तिने मागून माझ्या खवाट्यावर तळहात ठेवला. मग मान दोन्ही बाजूंना वळवून, कलवून पाहिली, हात वर आणि पाठीमागे कुठपर्यंत जातो याची खूण नोंदवली. माझा उजवा अंगठा पाठीमागून कमरेच्या पट्ट्याच्या जरा वर पोहोचत होता. डावा खवाट्याच्या खालच्या टोकापर्यंत सहज जात होता. उपचारानंतर याच हालचाली पुन्हा पाहू, असे तिने सांगितले. शरीराचा कोणता भाग उघडा राहील, कोणता टॉवेलने झाकलेला असेल, छातीच्या वरच्या भागातील स्नायूंवर काम करावे लागल्यास त्यासाठी ती वेगळी परवानगी घेईल आणि मी कोणत्याही क्षणी थांबायला सांगू शकते, हे सगळे तिने आधीच स्पष्ट केले. परक्या व्यक्तीसमोर पाठ उघडी टाकून झोपण्याचा संकोच असलेल्या आपल्याकडच्या स्त्रियांनी ही माहिती मुद्दाम विचारून घ्यावी. चांगला थेरपिस्ट ती आपणहून देतो.

मी पालथी झोपले. चेहऱ्यासाठी टेबलाला भोक होते आणि घोट्यांखाली गुंडाळी ठेवली होती, त्यामुळे मान व कंबर दोन्ही सैल राहिल्या. पहिली काही मिनिटे पूर्ण तळहाताने, सावकाश, पाठीच्या लांबीने हात फिरत राहिला. हा भाग केवळ आराम देण्यासाठी नसतो. कोणता पट्टा ताठ आहे, कुठे स्पर्श झाला की स्नायू आपोआप आवळला जातो, हे थेरपिस्टला त्यातूनच समजते. तेल अगदी थोडे होते, कारण हात फार घसरला तर खोलवरचा स्नायू पकडता येत नाही. नंतर मानेपासून खांद्यापर्यंत पसरलेला ट्रॅपिझियस स्नायू तिने चिमटीत धरून मळला आणि मानेच्या वरच्या मणक्यांपासून खवाट्याच्या आतल्या वरच्या कोपऱ्याला येऊन मिळणारा लेव्हेटर स्कॅप्युली नावाचा स्नायू अंगठ्याने तपासला. त्या कोपऱ्यावर बोट पडताच मी दचकले. ज्यांची मान सकाळी उठल्यावर अवघडलेली असते, त्यांनी ही जागा स्वतः चाचपून पाहावी. बहुतेकांना ती सापडते.

परंतु खरा उलगडा त्यानंतर झाला. तिने खवाट्याच्या सपाट हाडावर, खांद्याच्या मागच्या बाजूला, एका जागी अंगठा टेकवून सावकाश दाब वाढवला, आणि कळ उमटली ती खांद्याच्या पुढच्या बाजूला, खोलवर, माझ्या नेहमीच्या ठणक्याच्या नेमक्या जागी. पुढून चोळून, शेकून, मलम लावून मी थकले होते आणि दुखण्याचे मूळ मागे होते. त्या स्नायूचे नाव इन्फ्रास्पायनेटस. दंड बाहेरच्या बाजूला फिरवणे आणि सांध्याचा गोळा खोबणीत नीट धरून ठेवणे हे त्याचे काम. प्रोब धरून हात लांबवलेला असताना तो तासन्‌तास राबत असतो. एका स्नायूतील वेदना शरीराच्या दुसऱ्याच जागी जाणवते, ही गोष्ट वैद्यकाला नवी नाही. लंडनमध्ये जोनास केलग्रेन यांनी १९३८ साली स्नायूंमध्ये मिठाचे तीव्र द्रावण टोचून ते दाखवून दिले होते. पुढे अमेरिकेत जॅनेट ट्रॅव्हेल आणि डेव्हिड सायमन्स या डॉक्टरांनी कोणत्या स्नायूची वेदना कुठे उमटते याचे तपशीलवार नकाशे तयार केले. ट्रॅव्हेल या अध्यक्ष केनेडी यांच्या वैद्य होत्या. बोटाला लागणारी ती गाठ नेमकी काय असते यावर तज्ज्ञांत अजून वाद आहे. पण दूरवर उमटणारी वेदना खरी आहे, हे मी त्या टेबलावर अनुभवले.

दाब किती असावा याविषयी लोकांच्या मनात मोठा गैरसमज आहे, म्हणून यावर मी सविस्तर लिहिते. त्यापूर्वी एकदा खरेदीच्या संकुलातील एका दुकानात मी मान-खांद्याचा मसाज घेतला होता. तिथे काहीही न विचारता कोपराने असा दाब दिला गेला की पुढचे दोन दिवस मला मान वळवता आली नाही. “जितके दुखेल तितका फायदा” असे तिथे सांगण्यात आले. या थेरपिस्टची पद्धत अगदी उलट होती. शून्य म्हणजे काहीच नाही आणि दहा म्हणजे असह्य, अशा मापाने ती मला आकडा विचारत असे आणि तो सहा-सातच्या वर जाऊ देत नसे. दुखरी जागा दाबून धरल्यावर आकडा हळूहळू कमी होतो का, याची ती वाट पाही. अर्ध्या-पाऊण मिनिटात सातचा चार झाला की दाब सोडून ती पुढे सरके, आणि झाला नाही तर जोर न वाढवता जागा बदले. त्यामागचे कारणही तिने समजावले. वेदना सहन करण्यासाठी आपण श्वास रोखतो, दात आवळतो आणि जो स्नायू सैल व्हायला हवा तोच आणखी ताठ होतो. श्वास सहज चालू राहील इतकाच दाब हा उपयोगी दाब.

शेवटी तिने एक वेगळा प्रकार केला. माझे कोपर हातात धरून तिने मला दंड बाहेरच्या बाजूला अगदी हलकेच ढकलायला सांगितले, स्वतः तेवढाच विरोध केला आणि काही सेकंदांनी सोडायला लावले. सोडताच हात आधीपेक्षा थोडा पुढे गेला. असे तीन-चार वेळा झाले. मग उठून बसल्यावर हालचाली पुन्हा तपासल्या. उजवा अंगठा आता कमरेपासून चांगला चार बोटे वर जात होता आणि उजवीकडे मान वळवताना लागणारी ओढ बरीच कमी झाली होती. हा फरक टिकणार नाही, उद्या परवा हात पुन्हा खाली येईल, पण पूर्वीइतका नाही, असे तिने त्याच वेळी सांगून ठेवले. दुसऱ्या दिवशी खवाट्यावर व्यायामानंतर येतो तसा ठणका राहिला आणि तिसऱ्या दिवशी ओसरला.

मसाजाने स्नायूंत साचलेली ‘विषे’ बाहेर पडतात, लॅक्टिक ॲसिड निघून जाते, असे सर्रास सांगितले जाते. त्यात तथ्य नाही. व्यायामाने वाढलेले लॅक्टिक ॲसिड मसाज न करताही साधारण तासाभरात शरीर स्वतः वापरून टाकते. कॅनडातील मॅकमास्टर विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१२ मध्ये जोरदार व्यायामानंतर तरुणांच्या मांडीच्या स्नायूचे नमुने घेऊन पाहिले, तेव्हा मसाज केलेल्या पायात दाह वाढवणारे संकेत कमी आढळले, परंतु लॅक्टेटमध्ये, म्हणजे लॅक्टिक ॲसिडच्या प्रमाणात, फरक दिसला नाही. मसाजाचा मोठा परिणाम मज्जासंस्थेमार्फत होतो असे आज मानले जाते: त्वचेतील व स्नायूंतील संवेदनाग्राही टोकांना सुरक्षित, संथ दाब मिळतो, वेदनेचे संदेश मंदावतात आणि जागेचे रक्षण करण्यासाठी आवळून बसलेला स्नायू सैल होतो. कंबरदुखीवरील प्रयोगांचा, वैद्यकीय संशोधनाचे आढावे घेणाऱ्या कॉक्रेन संस्थेने २०१५ मध्ये जो आढावा घेतला, त्यात मसाजाने वेदना थोड्या काळापुरती कमी होते, पण पुराव्याचा दर्जा कमी आहे, असाच निष्कर्ष होता. मानदुखीवरील अमेरिकेतील एका अभ्यासात, जो २०१४ मध्ये प्रसिद्ध झाला, आठवड्यातून दोन-तीन वेळा तासभर मसाज घेणाऱ्यांना स्पष्ट फायदा झाला, तर अर्ध्या तासाच्या मसाजाने तसा झाला नाही. हे वाचून माझा विश्वास कमी झाला नाही. उलट या उपचाराकडून काय अपेक्षा ठेवावी हे मला नीट कळले. वेदना काही काळ कमी होते, आणि त्या काळात आपण काय करतो यावर पुढचे सगळे अवलंबून असते.

माझ्या बाबतीत त्या काळाचा उपयोग व्यायामासाठी झाला. मसाजानंतरचे दोन-तीन दिवस खांदा मोकळा असे, आणि जो रबरी पट्टा मला चार वेळांच्या पुढे ओढता येत नव्हता तो त्या दिवसांत मी दहा-बारा वेळा ओढू शके. पहिले काही आठवडे मी दर आठवड्याला जात राहिले, मग पंधरा दिवसांनी आणि पुढे महिन्यातून एकदा. फिजिओथेरपिस्ट आणि मसाज थेरपिस्ट या दोघी माझ्या संमतीने एकमेकींना नोंदी पाठवत, त्यामुळे व्यायाम कधी वाढवायचा हे ठरवणे सोपे गेले.

कामाची बैठकही बदलावी लागली. रुग्णाला पलंगाच्या अगदी कडेला माझ्याकडे सरकायला सांगणे, हात शरीरापासून तीस अंशांपेक्षा जास्त दूर जाणार नाही इतकी खुर्ची उंच करणे, दंडाखाली घडी केलेल्या टॉवेलचा किंवा उशीचा आधार घेणे, प्रोब मुठीत आवळून न धरता सैल धरणे आणि दोन रुग्णांच्या मध्ये खांदे फिरवणे, या गोष्टी आम्हाला शिक्षणातच सांगितलेल्या असतात. गर्दीच्या वेळापत्रकात त्या मागे पडतात. संकोचून पलंगाच्या मध्यभागी झोपलेल्या रुग्णाला “जरा इकडे सरका” असे दोन-दोनदा सांगणे मला पूर्वी अवघड वाटे. आता मी पहिल्यांदाच सांगते आणि रुग्णांची त्याला काहीच हरकत नसते.

काही महिन्यांनी मी उजव्या कुशीवर झोपू लागले. कानशिलाचे दुखणे, ज्याला मी डोळ्यांच्या थकव्याचे समजत होते, ते मान सैल राहू लागल्यावर विरळ झाले. ट्रॅपिझियसच्या वरच्या भागातील वेदना कानशिलापर्यंत पोहोचते, असे ट्रॅव्हेल यांच्या नकाशांतही दाखवलेले आहे. पाठीमागचा हूक लागू लागला. दुखणे कायमचे गेले असे मात्र मी म्हणणार नाही. हिवाळ्यात सहकारी रजेवर असतात आणि रुग्ण वाढतात, तेव्हा खवाट्यावरची ती जागा पुन्हा बोलू लागते. मग मी व्यायाम वाढवते, भिंत आणि पाठ यांच्यामध्ये टेनिसचा चेंडू धरून त्या जागेवर सावकाश दाब देते आणि तेवढ्याने भागले नाही तर थेरपिस्टची वेळ घेते.

आता आईविषयी. माझा खांदा सुधारल्याचे ऐकून तिने सांगलीत आपल्या डाव्या खांद्यालाही मालिश सुरू करायचे ठरवले, कारण तिलाही हात वर नेताना कळ येत होती. मी तिला व्हिडिओ कॉलवर हात बाजूला उचलायला सांगितला. तो खांद्याच्या उंचीपर्यंतही येईना. मग दुसऱ्या हाताने तो उचलून पाहायला सांगितले, तरीही तेवढ्यावरच अडला. माझ्या खांद्याचे तसे नव्हते. माझा हात दुसऱ्या कोणी उचलला तर वर जात असे. आईला मधुमेह आहे आणि मधुमेहींमध्ये सांध्याचे आवरण आखडून खांदा जखडण्याचे प्रमाण जास्त असते. मालिश थांबवून तिने अस्थिरोगतज्ज्ञांना दाखवावे, असा मी आग्रह धरला. निदान तेच निघाले. तिला सांध्यात इंजेक्शन, साखरेवर नियंत्रण आणि फिजिओथेरपिस्टच्या देखरेखीखाली हळूहळू वाढवायचे व्यायाम असा उपचार सांगितला गेला. तिथल्या फिजिओथेरपिस्ट बाई व्यायामाच्या आधी तिची मान आणि खवाट्याभोवतीचे स्नायू दहा मिनिटे हाताने सैल करून देतात, आणि त्या दिवशी व्यायाम कमी दुखतो, असे आई सांगते.